मोरे आडनावाची ढाल आणि तिच्यावरचे तीन काळे पक्षी

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. तुमचा मुलगा एडिंबरोला असतो. त्याच्याकडे गेला होतात तेव्हा एका दुकानात आडनाव सांगितलं की घराण्याचं ‘कोट ऑफ आर्म्स’ छापून देतात असं दिसलं. तुम्ही ‘मोरे’ सांगितलं आणि लाकडी फळीवर बसवलेली एक ढाल घेऊन आलात. ढाल पांढरी, मधोमध घराच्या छपरासारखी दोन्हीकडे उतरणारी काळी पट्टी, आणि तीन काळे पक्षी. सोबत एक कागद: काळा रंग म्हणजे निष्ठा, पांढरा म्हणजे सचोटी, छपरासारखी पट्टी म्हणजे आश्रय. तुम्ही विचारताय की हे खरंच आपल्या कुळाचं आहे का, हे अर्थ खरे आहेत का, आणि नव्या घराच्या वास्तुशांतीला दारावर लावायला व मुलाच्या अंगठीवर कोरायला स्वतःचं कुलचिन्ह करायचं तर सिंह, सूर्य, तलवार, कमळ यांतलं काय घ्यावं.

मी कोल्हापूरला असतो. २१ वर्षं शिक्के आणि मुद्रेच्या अंगठ्या हाताने कोरतोय. परदेशातल्या मराठी घरांची कामं यायला लागली तेव्हा युरोपातली ही ढालींची विद्या नीट शिकून घ्यावी लागली. त्या अनुभवावरून लिहितोय.

ढाल तुमची नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये कुलचिन्ह आडनावाला दिलं जात नाही, माणसाला दिलं जातं. इंग्लंडमध्ये हे काम पाहणारं ‘कॉलेज ऑफ आर्म्स’ १४८४ पासून आहे. स्कॉटलंडमध्ये ‘लॉर्ड लायन’ नावाचा अधिकारी आहे आणि त्याला स्वतःचं न्यायालय आहे. चिन्ह एकाला मिळतं, पुढे त्याच्या वंशजांकडे जातं, आणि तेही जसंच्या तसं नाही. इंग्लंडच्या रिवाजात बाप हयात असेपर्यंत थोरला मुलगा ढालीच्या वरच्या भागात तीन दातांच्या फणीसारखी एक पट्टी घालतो. स्कॉटलंडमध्ये धाकट्या पातीला आपल्या ढालीत ठरवून फरक करून घ्यावा लागतो. म्हणजे एकाच गावातल्या, एकाच आडनावाच्या दोन घरांच्या ढाली वेगळ्या असू शकतात, आणि बहुतेक घरांना ढालच नसते. दुकानदार काय करतो, तर त्या आडनावाचा इतिहासातला कुणीतरी एक माणूस शोधतो आणि त्याची ढाल सगळ्यांना विकतो.

तुमच्या बाबतीत तर आडनावही तुमचं राहिलेलं नाही. तुम्ही पाठवलेला फोटो पाहिला. पांढऱ्यावर काळी पट्टी आणि तीन काळे पक्षी ही सर टॉमस मोर यांची ढाल. इंग्लंडचे चॅन्सलर, ज्यांचा १५३५ मध्ये आठव्या हेन्रीने शिरच्छेद करवला, तेच. रोमन लिपीत ‘मोर’ आणि आपलं ‘मोरे’ एकाच स्पेलिंगने लिहिलं जातं, म्हणून यंत्राने जावळीच्या खोऱ्यातल्या आडनावाला लंडनच्या माणसाची ढाल काढून दिली.

आता ते पक्षी बघा, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यातच आहे. ते ‘मूरकॉक’ आहेत. इंग्रजीत ‘मूर’ म्हणजे माळरान, आणि मूरकॉक म्हणजे तिथला रानपक्षी. मोर आडनावाच्या माणसाने ढालीवर मूरकॉक घेतला. पक्ष्याने एवढंच सांगायचं आहे की माझा मालक मोर आहे. तुमच्या कागदावर लिहिलेली निष्ठा आणि सचोटी मागाहून कुणीतरी चिकटवली आहे. टॉमस मोर निष्ठावान होते यात शंका नाही, त्यांनी त्यासाठी जीव दिला. पण ते त्या काळ्या रंगावरून कळत नाही.

अशा नावावरच्या चिन्हांना मी बोलकी चिन्हं म्हणतो. ती एकदा ओळखायला लागलात की सगळीकडे दिसतात. नाटककार शेक्सपिअरच्या वडिलांना १५९६ मध्ये ढाल मंजूर झाली, तिच्यावर तिरपा भाला आहे, कारण ‘स्पिअर’ म्हणजे भाला. स्पेनच्या कॅस्टील राज्याचा किल्ला आणि लिओनचा सिंह, दोन्ही नावावरूनच. स्वित्झर्लंडच्या बर्न शहराचं अस्वलही तसंच. जुन्या गोव्यात मांडवीच्या काठावर व्हाइसरॉयची कमान आहे ना, ती वास्को द गामाचा वंशज फ्रान्सिस्को द गामा याने उभारली. तिच्यावर हरणाचं चिन्ह आहे. पोर्तुगीजमध्ये ‘गामा’ म्हणजे हरिणी. पर्यटक रोज त्या कमानीखालून जातात, पण ते हरीण नाव सांगतंय हे फार थोड्यांना माहीत असतं. तिथून चालत सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये गेलात तर जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळांवर कितीतरी ढाली कोरलेल्या दिसतील. पायाखाली इतकं उत्तम कोरीवकाम आहे की मी तिथे गेलो की दोन तास निघत नाही.

कागदावरचे अर्थ का धरू नयेत याचं मला सर्वांत पटलेलं उदाहरण सर आयझॅक न्यूटन यांचं आहे. त्यांच्या ढालीवर काळ्या रंगावर एकमेकांवर तिरप्या ठेवलेल्या दोन पांढऱ्या नडगीच्या हाडांशिवाय काही नाही. कागद घेऊन अर्थ लावायला बसलात तर समुद्री चाच्याचं घर वाटेल. ती हाडं न्यूटन घराण्याकडे चालत आलेली होती, ती पाहून लोकांना कळायचं की हा न्यूटनांपैकी. ढालीचं काम तिथे झालं.

मुळात ही रीत ओळखीसाठीच वाढली. बाराव्या शतकात युरोपातले स्वार नखशिखांत चिलखतात असत, तोंड झाकलेलं असे, तेव्हा ढालीवरचं आणि निशाणावरचं चित्र पाहून माणूस ओळखला जाई. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याने ११२८ मध्ये आपला जावई जॉफ्री याच्या गळ्यात सोनेरी सिंहांची ढाल घातली असं एक बखरकार लिहितो. जॉफ्रीच्या थडग्यावरचा मिन्याचा पत्रा फ्रान्समध्ये ल मान्स इथे आहे, त्यात निळ्या ढालीवर सोनेरी सिंह दिसतात. त्याचा नातू विल्यम १२२६ मध्ये वारला, त्याचा पुतळा सॉल्सबरीच्या कॅथेड्रलमध्ये आहे, आणि त्याच्याही निळ्या ढालीवर सोनेरी सिंह आहेत. सिंह शौर्याचा की नाही हा वाद राहू द्या, नातवाच्या हातात तो ‘मी अमक्याचा नातू’ एवढं ठणकावून सांगतो.

रंगांचंही तसंच. ठरलेले रंग थोडे: सोनं आणि चांदी (म्हणजे पिवळा आणि पांढरा) हे दोन धातू, आणि लाल, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे रंग. धातूवर धातू ठेवायचा नाही, रंगावर रंग ठेवायचा नाही, हा मुख्य नियम. काळ्यावर निळं ठेवलं तर शंभर पावलांवरून घोड्यावरच्या माणसाला काय दिसणार? आपल्याकडच्या मैलाच्या दगडावर पिवळ्यावर काळं का रंगवतात, तेच कारण. पुढच्या काळातल्या ग्रंथकारांनी एकेका रंगाला एकेक ग्रह, रत्न आणि सद्गुण जोडले. वाचायला छान वाटतं, पण त्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, आणि जुन्या ढाली त्या याद्या पाहून बनलेल्या नाहीत. अंगठीवर तर रंगच नसतो. मग आम्ही काय करतो? पेत्रा सांक्ता नावाच्या पाद्र्याने १६३८ मध्ये रोममध्ये छापलेली एक पद्धत आजही चालते. ठिपके म्हणजे सोनं, कोरी जागा म्हणजे चांदी, आडव्या रेघा म्हणजे निळा, उभ्या म्हणजे लाल, आडव्या-उभ्या जाळीचा काळा. जुन्या चांदीच्या ताटावरची ढाल भिंगाखाली धरलीत तर या रेघांवरून तिचे रंग सांगता येतात.

मग चिन्हांना अर्थच नसतो का? असतो, आणि तो फार सुंदर असतो, फक्त तो त्या त्या घराने दिलेला असतो. सूर्यच घ्या. मेवाडच्या राजचिन्हात सूर्य आहे तो सूर्यवंशाचा. मुंबईच्या सर जमशेदजी जीजीभॉय यांच्या ढालीवरही सूर्य आहे, पण तो सह्याद्रीच्या घाटांवर उगवणारा सूर्य आहे. आणि आपल्या गावोगावच्या वीरगळांवर वरच्या कप्प्यात सूर्य आणि चंद्र असतात ते ‘आचंद्रार्क’, म्हणजे चंद्रसूर्य असेतो ही कीर्ती राहो, असं सांगायला. सूर्य एकच आणि गोष्टी तीन. ‘सूर्य म्हणजे तेज’ असं एका ओळीत लिहून टाकलं की या तिन्ही गोष्टी पुसल्या गेल्या.

जमशेदजींच्या ढालीपाशी जरा थांबू या, कारण आपल्या मातीतला माणूस त्या परक्या चौकटीत कसा बसला हे तिच्यात नीट दिसतं. १८५७ मध्ये त्यांना बॅरोनेट केलं, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा ‘सर’ किताब दिला, हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. ढालीवर खाली घाट आणि उगवता सूर्य, वर दोन मधमाश्या. शिरोभागी गव्हाच्या कणसांमध्ये मोर, त्याच्या चोचीत कणीस. ब्रीदवाक्य इंग्रजीत आहे, त्याचा अर्थ ‘उद्योग आणि औदार्य’. मधमाशी उद्योगाची आहे हे इथे आपण ठामपणे म्हणू शकतो, कारण ब्रीदवाक्यच तिची साक्ष देतं. ज्याने व्यापारातून पैसा उभा केला आणि त्यातून मुंबईला रुग्णालय दिलं, त्याच्या ढालीवर माशी आणि कणीस शोभतं. तीच माशी सैनिकाच्या घराण्याला लावली तर उपरी वाटेल.

मेवाडच्या चिन्हात ढालीच्या एका बाजूला राजपूत आणि दुसऱ्या बाजूला भिल्ल योद्धा उभा आहे. महाराणा प्रतापांना भिल्लांनी साथ दिली ती आठवण तिथे कायमची उभी केली आहे. अशी बरीच संस्थानी चिन्हं ढालीच्या साच्यात बसली ती १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी. बंगालच्या मुलकी सेवेतल्या रॉबर्ट टेलर या अधिकाऱ्याने संस्थानिकांसाठी युरोपीय पद्धतीची निशाणं आखून दिली. साचा साहेबाचा होता, पण आत भरलेला ऐवज जिथे घराच्या आठवणीतून आला तिथे चिन्ह टिकलं. शिंद्यांचा नाग, झोपलेल्या पूर्वजावर फणा धरल्याच्या दंतकथेतला, आजही ग्वाल्हेरच्या माणसाला सांगावा लागत नाही.

आपल्या मराठी घरांकडे ढाल नव्हती, पण ओळखीची साधनं भरपूर होती. शिवाजी महाराजांची मुद्रा अष्टकोनी, तिच्यावर प्राणी नाही, शस्त्र नाही, आहे तो श्लोक: प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, विश्वाने वंदिलेली, शहाजीपुत्र शिवाची ही मुद्रा. चंद्रकोर आहे, पण शब्दांत. शिक्के कोरणारा म्हणून मला ही आपली खास रीत वाटते, आपण नाव आणि नातं अक्षरांत सांगतो. दुसरं साधन म्हणजे देवक. लग्नात देवक बसवतात तेव्हा कुणाचं पंचपल्लव, कुणाचा कळंब, कुणाचं मोरपीस, कुणाची तलवारीची धार. एका देवकाच्या घरांत सोयरीक करत नाहीत, म्हणजे ‘आपण कोणापैकी’ हेच देवक सांगतं. ढालीशी त्याचं काम जुळतं, पण देवक पुजायचं असतं, मिरवायचं नसतं. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. काही घरांत देवक दारावर कोरलेलं थोरांना आवडत नाही. म्हणून विचारल्याशिवाय मी ते घेत नाही.

आता माझ्याकडचं एक काम सांगतो. काही वर्षांपूर्वी नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या एका तरुणाने अंगठीसाठी चित्र पाठवलं. मूळ घर कृष्णाकाठचं. चित्रात सिंह, दोन तलवारी, मशाल, उघडं पुस्तक, कमळ, वर मुकुट. प्रत्येकाचा अर्थ बाजूला लिहिलेला. अंगठीचा माथा १४ मिलिमीटर. मी सांगून पाहिलं, पण त्याचा आग्रह होता, म्हणून कोरलं. तीन दिवस भिंग डोळ्याला लावून बसलो. मग लाखेवर ठसा घेतला तर सिंहाची आयाळ मशालीत मिसळली होती आणि पुस्तक विटेसारखं दिसत होतं. त्याला ठशाचा फोटो पाठवला आणि फोनवर विचारलं, “खंडेनवमीला तुमच्या घरी पाटावर काय ठेवतात?”

त्याला सांगता येईना. त्याने वडिलांना फोनवर घेतलं. ते म्हणाले, “वल्हं. आमचे आजोबा नाव चालवायचे. पूल झाला, नाव गेली, वल्हं आहे माळ्यावर. ते पुसून हळदकुंकू लावतो आम्ही.”

तो मुलगा गप्पच झाला. मग आम्ही ढालीवर फक्त एक उभं वल्हं घेतलं आणि त्याच्या खाली पाण्याच्या दोन नागमोडी रेघा. या विद्येत पाणी नागमोडी पट्टीनेच दाखवतात. जगप्रदक्षिणा करून आलेल्या फ्रान्सिस ड्रेकच्या ढालीवरही अशीच एक नागमोडी पट्टी आणि तिच्या वर-खाली दोन तारे आहेत. वल्ह्याचा ठसा लाखेवर असा स्वच्छ उठला की त्याच्या पात्यावरची एक जुनी चीरसुद्धा दिसत होती. वडिलांनी ती मुद्दाम घ्यायला सांगितली होती.

त्या दिवसापासून मी कुणालाच ‘काय हवं’ असं विचारत नाही. खंडेनवमीच्या पाटावर काय असतं, देवक काय, गावचं घर कशावरून ओळखतात, घरात कोणती वस्तू विकायची नाही असं ठरलेलं आहे, हे विचारतो. शेतकऱ्याचा नांगर, शिंप्याची कात्री, वैद्याचा खल, मास्तरांची दौत. स्वित्झर्लंडमध्ये साध्या शेतकऱ्यांच्या ढालीवर नांगराचा फाळ दिसतो, आणि त्यांना तो सिंहापेक्षा कमी वाटत नाही.

तर ताई, तुमच्याकरता माझा विचार असा. मोरे कुळाचं देवक मोरपीस असं सर्रास सांगितलं जातं. पण एकाच आडनावात वेगवेगळी कुळं असतात, त्यामुळे सासूबाईंना किंवा भावकीतल्या जाणत्या माणसाला आधी विचारा. तुमच्या घरचं देवक मोरपीसच निघालं आणि थोरांची हरकत नसली, तर निळ्या ढालीवर एक उभं सोनेरी मोरपीस, बाकी काही नको. नावही बोलेल आणि देवकही. देवक घ्यायचं नसेल तर पिसारा फुलवलेला मोर घ्या, तो केवळ आडनावाचा. टॉमस मोर यांनी आपल्या रानपक्ष्याचं जे केलं तेच तुम्ही मोराचं कराल. पीस काढताना चित्रकाराला सांगा की डोळा मोठा ठेवायचा आणि दोन्ही बाजूंना मोजक्याच, पाच-सहा जाड शिरा काढायच्या. पिसाचा प्रत्येक केस काढायला गेलं तर अंगठीवर नुसता काळपट डाग दिसतो. डोळ्याच्या आत मी चंद्रकोरीएवढी जागा कोरी सोडतो, ठशात तीच चमकते.

चित्राआधी वाक्य लिहा, हे मात्र विसरू नका. युरोपात खरी सनद चित्राची नसते, वर्णनाची असते. ‘निळ्या ढालीवर उभं सोनेरी मोरपीस’ एवढं लिहिलेलं असलं की शंभर चित्रकार शंभर प्रकारे काढतील आणि सगळी चित्रं तुमचीच असतील. चिन्हाचं वर्णन एका ओळीत बसलं नाही तर त्यात वस्तू जास्त झाल्या असं समजा. ब्रीदवाक्य हवं असेल तर मराठीत घ्या, आणि घरात खरंच बोललं जाणारं घ्या.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. भारतात घरगुती चिन्ह मंजूर करणारं कुठलंही कार्यालय नाही, तुम्ही स्वतः ठरवू शकता. फक्त अशोकस्तंभाचे सिंह घेऊ नका, त्यावर २००५ चा कायदा आहे, आणि कुठल्या संस्थानिक घराण्याचं चिन्ह उचलू नका. मुलगा स्कॉटलंडमध्येच स्थायिक होणार असेल आणि तिथे ढाल म्हणून वापरायची असेल तर गोष्ट बदलते. तिथे नोंदीशिवाय ढाल वापरणं कायद्यात बसत नाही, त्यामुळे त्याने लॉर्ड लायनकडे रीतसर अर्ज करावा. काही हजार पौंड खर्च येतो आणि वेळही लागतो. तेवढं करायचं नसेल तर ढालीचा आकारच सोडून द्या. गोल किंवा अष्टकोनी मुद्रेत मोरपीस आणि भोवती देवनागरीत घराचं नाव घ्या. मला स्वतःला तुमच्यासाठी हेच जास्त आवडेल, कारण ते आपल्याच रीतीतलं आहे. अंगठीवर अक्षरं उलटी कोरावी लागतात, म्हणजे ठसा सुलट येतो, हे सोनाराला आधी सांगून ठेवा. नुसतं बोटात मिरवायचं असेल तर सुलट कोरा. हे आधी न ठरवल्यामुळे फुकट गेलेल्या अंगठ्या मी पाहिल्या आहेत.

थोडक्यात सांगायचं तर दुकानातली ढाल टॉमस मोर यांची, कागदावरचे अर्थ मागाहून जोडलेले, आणि तुमचं चिन्ह तुमच्याच घरी कुठेतरी आहे.

ती फळी मात्र टाकू नका. मुलाच्या अभ्यासाच्या खोलीत लावा आणि मागे चिठ्ठी चिकटवा: सर टॉमस मोर यांची ढाल, एडिंबरोहून आणली, आणल्याची तारीख. देवक कळलं की इथे लिहा, मी पिसाचं कच्चं रेखाटन १४ मिलिमीटरच्या मापात काढून देतो. ते खऱ्या मापात छापून हातभर अंतरावरून पाहा, आणि सासूबाईंना चष्म्याशिवाय दाखवा. त्यांना मोरपीस ओळखू आलं की सोनाराकडे जा.